मसुदेकाकांचा खराखुरा मेसेज

मसुदेकाकांचं लिखाण लोकांनी शब्दन्‌शब्द पाळलं, असं त्यांच्या आख्ख्या नोकरीत एकदाच घडलं. आणि त्या एकदाच घडण्यानं त्यांना असं काही गोत्यात आणलं, की अजूनही जिन्यात कुणी सहज ‘कृपया’ म्हणालं तरी त्यांचे कान लाल होतात.

काका पाणीखात्यात हेडक्लार्क. खात्यातून बाहेर पडणारी प्रत्येक सूचना, नोटीस, जाहीर विनंती आणि जाहीर दिलगिरी त्यांच्याच पेनातून उतरायची, म्हणून त्यांना सगळे मसुदेकाका म्हणत. खरं आडनाव फक्त पगाराच्या कागदाला ठाऊक. ‘कृपया’नं सुरुवात, ‘धन्यवाद’नं शेवट, आणि मधल्या वाक्याला इतके डबे जोडलेले, की वाचणारा क्रियापदापाशी पोचेपर्यंत नळाला पाणी येऊन गेलेलं असायचं. काकांना त्याचा केवढा अभिमान! भाजीच्या यादीतसुद्धा ते ‘शक्य झाल्यास कोवळी भेंडी आणण्याचे करावे’ असं लिहीत, आणि काकू शक्य असूनही दुधी आणत.

तर तीन महिन्यांपूर्वी शहरात मेसेज फिरायला लागले. ‘प्रिय ग्राहक, आपले पाणी आज सायंकाळी तोडण्यात येईल. कृपया खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. धन्यवाद.’ तळमजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांनी त्वरित संपर्क साधला. पाणी होतं तिथंच राहिलं, पण दवाखान्याच्या नव्या खुर्चीसाठी साठवलेले पैसे मात्र पार धुऊन निघाले. पुढचे आठ दिवस डॉक्टर ज्या जोरानं दात उपटत होते, ते बघून निम्मे पेशंट दुखणं अंगावर काढायला लागले.

बिल्डिंगची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष अर्थातच मसुदेकाका. त्यांनी त्याच बैठकीत ‘सावधान!’ नावाचं एक पत्रक लिहिलं. त्यात म्हटलं होतं, ‘पाणीखात्याच्या नावे येणाऱ्या कोणत्याही मेसेजवर, फोनवर अथवा व्यक्तीवर तिळमात्र विश्वास ठेवू नये. समोरचा कितीही आर्जवाने बोलला, ओळखपत्र दाखवू लागला, तरीही ठेवू नये. उलट, होता होईल तो त्याचा वेळ वाया घालवावा.’

पत्रक मोठ्या साहेबांना इतकं आवडलं, की त्यांनी ते शहरातल्या नऊ हजार चारशे नळांच्या मालकांना पाठवलं. आणि लोकांनी, काय सांगावं, ते पाळलं! काका महिनाभर हवेत होते. लिफ्टमध्ये स्वत:चं पत्रक बघायला ते दोनदोनदा खालीवर करत.

पुढे काय होणार हे तुमच्या लक्षात आलंच असेल. काकांच्या आलं नाही.

सोमवारी मोठ्या साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. “हे बघा मसुदे, शनिवारी मोठी टाकी आणि शहरातले सगळे नळ औषधानं धुवायचेत. शनिवारी सकाळी सहापासून रविवारी दुपारी बारापर्यंत नळाचं पाणी कुणी प्यायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी भरून ठेवायचं.”

“आणि कुणी प्यालंच तर, साहेब?”

“मरणार नाही. पण दोन दिवस बाथरूमच्या बाहेरही येणार नाही. नऊ हजार चारशे घरं, मसुदे. एकाच वेळी. आणि बाथरूममध्ये पाणी आपलंच.” साहेबांनी हे चित्र काकांच्या डोळ्यांपुढे नीट उभं राहू दिलं, मग म्हणाले, “गडबड झाली तर तुम्ही जुन्या मीटरच्या गोदामात.”

गोदाम! तिथं सहा हजार बंद पडलेले मीटर होते आणि त्यांना कशाचीही सूचना द्यावी लागत नसे. मसुदा नाही, जावक नंबर नाही, लिहायला साधा कागद नाही. काकांनी केबिनबाहेर पडायच्या आधीच पेनाचं टोपण काढलं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता अकरा ओळींचा मेसेज सुटला. ‘प्रिय ग्राहक’पासून ‘धन्यवाद’पर्यंत एक वेलांटी इकडची तिकडे नाही. काका संध्याकाळी घरी आले ते, निकालात पहिला नंबर आलेल्या मुलासारखे दारातच रेंगाळत. कुणीतरी विचारेल, मग आपण ‘छे, छे, त्यात काय एवढं’ म्हणू.

“अहो,” काकू आतूनच ओरडल्या, “आज त्या पाणीवाल्या भामट्यांचा परत मेसेज आला होता! मी वाचलासुद्धा नाही. थेट ब्लॉक!” आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा असा वर करून दाखवला, की जणू त्यावर पदकच लावायचंय.

काका मटकन खुर्चीत बसले. “अगं, तो मी लिहिलाय.”

“तुम्ही?” काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. “तुम्हाला कुणी धमकावलंय का?”

एवढ्यात लेक आली. ती नववीत होती, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असायची, म्हणून घरात तिचं नाव रेडिओ. तिनं फोन घेऊन मेसेज मोठ्यानं वाचला आणि पोट धरून हसत सुटली. “बाबा, हे डिट्टो फ्रॉड आहे! ‘प्रिय ग्राहक’ बघ. तू मला कधी प्रिय म्हणाला नाहीस, आणि खातं नऊ हजार लोकांना म्हणतंय? आणि ‘त्वरित’! खरं खातं काही त्वरित करतं का?”

“ही शुद्ध कार्यालयीन भाषा आहे,” काका दुखावून म्हणाले.

“तेच ना! चोरांनी तुझीच उचललीये. आता तू तुझीच नक्कल केल्यासारखा दिसतोस.”

बुधवारी ऑफिसात गेल्यावर कळलं, की एकट्या काकूंचाच अंगठा पराक्रमी नव्हता. रात्रीतून अकराशे जणांनी तक्रार केली होती, आणि पाणीखात्याचा नंबर फसवणुकीचा म्हणून बंद करण्यात आला होता. साहेब म्हणाले, “सोडवून आणा.” जसं काही मुलाला पाळणाघरातून आणायचं होतं.

सायबर शाखेत एका मॅडमसमोर काका बसले. मॅडमच्या टेबलावर तीन फोन, दोन कॉम्प्युटर आणि एक थंडगार चहा होता. काकांनी आर्जवानं सगळं सांगितलं. हीच पहिली चूक.

“म्हणजे तुम्ही पाणीखात्यातून आलात,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“तुमच्याच खात्याचं पत्रक आहे आमच्या भिंतीवर. वाचा.”

काकांनी मान वळवली. ‘सावधान!’ त्यांच्याकडेच बघत होतं. त्यांनी घाईघाईनं खिशातून ओळखपत्र काढलं.

“‘ओळखपत्र दाखवू लागला, तरीही ठेवू नये’,” मॅडमनी न बघता म्हणून दाखवलं. पाठ होतं त्यांना! “असली ओळखपत्रं कपाटात चाळीस आहेत आमच्याकडे. त्यांच्यावरचे फोटो तरी बरे आलेत.”

“मॅडम, तो मेसेज मी स्वत: लिहिलाय हो!”

हे वाक्य पोलिसांच्या ऑफिसात कधीही मोठ्यानं म्हणू नये. दोन शिपाई उठून दाराशी उभे राहिले. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. “या भाषेची टोळी आम्ही दोन महिने शोधतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “‘संपर्क साधावा’ हे तुमचंच?”

“माझंच,” काका म्हणाले. खोटं का बोला? एकवीस वर्षं त्यांचंच होतं ते.

पुढचा दीड तास खात्यात फोन करण्यात गेला. पण खात्याचाच नंबर बंद, तो लागणार कसा? शेवटी मोठे साहेब स्वत: येऊन काकांना ओळखून गेले, आणि तेही ओळखायला जरा जास्तच वेळ लावून. जाता जाता मॅडमनी एक फॉर्म पुढं केला. त्यात दोनच चौकोन होते: ‘आरोपी’ आणि ‘फसवला गेलेला’. काकांनी विचारलं, “तिसरा काही?” मॅडम म्हणाल्या, “तिसऱ्या प्रकारचा माणूस इथं येत नाही.” काकांनी दुसऱ्यावर खूण केली. ‘कोणी फसवले?’ या रकान्यात नाइलाजानं स्वत:चं नाव घातलं. नंबर सुटायला पंधरा दिवस लागतील असं कळलं. शनिवारला राहिले होते तीन.

त्या संध्याकाळी ही बातमी बिल्डिंगमध्ये काकांच्या आधी पोचली. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले आप्पा राहत. ते सल्ला द्यायला टपूनच होते. “मसुदे, तुमचा प्रॉब्लेम सही-शिक्क्याचा आहे. मेसेजवर शिक्का मारा.”

“फोनच्या मेसेजवर शिक्का कसा मारणार, आप्पा?”

“तो तुमच्या खात्याचा प्रश्न,” आप्पा म्हणाले. “आम्ही बँकेत विनाशिक्क्याचं शिंकत नव्हतो.”

दातवाले डॉक्टर म्हणाले, “काका, राग मानू नका, पण तुम्ही बोलता फार गोड. गोडानं कीड लागते.” त्यांच्या आवाजात अजून त्या खुर्चीचं दु:ख होतं.

“पण तुम्ही तरी माझं ऐका! शुक्रवारी पाणी भरून ठेवा. मी समोर उभा राहून सांगतोय!”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. “हल्ली चेहरेसुद्धा बनवतात,” डॉक्टर म्हणाले. आप्पांनी काकांच्या गालाला बोट लावून बघितलं. त्यांना समाधान वाटल्यासारखं दिसलं नाही.

गुरुवारी साहेबांनी फर्मान काढलं, की सगळ्या क्लार्कांनी आपापल्या मोबाइलवरून घरोघर फोन करायचे. काकांच्या वाट्याला शंभर नंबर आले. आता आठवून बघा, पत्रकात शेवटी काय लिहिलं होतं? ‘होता होईल तो त्याचा वेळ वाया घालवावा.’ लोकांनी तर त्यात डॉक्टरेट केली होती. पहिल्या बाईंनी “एक मिनिट हं, पेन आणते” म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि वीस मिनिटं टीव्ही बघितला. दुसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, “पुन्हा सांगा”, “पुन्हा सांगा”, आणि आठव्यांदा म्हणाला, “छान! आता उलट्या क्रमानं सांगा.” एका आजीबाईंनी आपल्या गुडघ्याचा समग्र इतिहास ऐकवला. एका घरातल्या पोरानं फोनमध्ये शिट्टी वाजवली. अशी, की काकांना दुसऱ्या दिवसापर्यंत उजव्या कानानं फक्त ‘ई’ ऐकू येत होतं. आणि हे सगळे मनोमन म्हणत असणार, ‘बघा, पाणीखात्याचं ऐकलं की कसं बरं होतं!’

एकोणचाळिसावा नंबर लागला.

“हॅलो, कृपया फोन ठेवू नका,” काका केविलवाणे म्हणाले. “मी पाणीखात्यातून बोलतोय. शनिवारी सकाळी सहापासून रविवारी दुपारी बारापर्यंत नळाचे पाणी पिण्यासाठी वापरू नये, तरी शुक्रवारी सायंकाळपर्यंत पुरेसा साठा करून ठेवण्याचे करावे—”

“‘ठेवण्याचे करावे’!” पलीकडून आवाज आला. तिशीचा असावा, आणि त्यात चक्क आदर होता. “साहेब, म्हणजे ते तुम्हीच?”

“कोण मीच?”

“खात्याचे मसुदे लिहिणारे! अहो, मी तुमचं सगळं वाचलंय. थकबाकीची नोटीस, गळतीची दिलगिरी, सगळं. मंगळवारचा मेसेज आला तसा मी आईला म्हटलं, पाणी भर. हा खरा आहे, ही मूळ भाषा आहे. आमच्यात ‘करावे’पर्यंत जमतं, पण ‘ठेवण्याचे करावे’ कुणाला जमत नाही.”

काका खुर्चीत ताठ बसले. एकवीस वर्षांत पहिला वाचक भेटला होता! आणि मग त्यांच्या डोक्यात उशिरा का होईना, उजेड पडला. “आमच्यात म्हणजे? तुम्ही काय काम करता?”

“असंच. संपर्क साधायचं.”

“तुम्ही माझ्या मसुद्यावर चोऱ्या करता!”

“करायचो. तुमचं पत्रक आल्यापासून धंदा बसला की, साहेब. तेही तुम्हीच लिहिलं असणार. काय ताकद आहे!” तो मनापासून उसासला. “पण आमच्या आईचं काय करू? ती भरतच नाही पाणी. म्हणते, तुझ्या तोंडातून आजवर कधी खरं आलंय का? म्हातारीचं पोट आधीच नाजूक आहे हो.”

काकांना रागवायचं होतं. पण नऊ हजार चारशे घरांत ज्यांच्यावर घरचेच विश्वास ठेवत नाहीत, असे दोनच पुरुष होते आणि ते एकमेकांशी बोलत होते. “मग लोक नक्की कशावर विश्वास ठेवतात?” त्यांनी हळूच विचारलं.

“सोपं आहे, साहेब. तुम्ही लोकांना सांगता, इथंच चुकतं. सांगितलेलं सगळ्यांना खोटं वाटतं. लोकांपासून लपवा.”

काकांनी फोन ठेवला. चोराचा सल्ला! छे! आणि घरी जाऊन त्यांनी तो लेकीला सांगितला. रेडिओनं आधी टाळी वाजवली. मग म्हणाली, “बाबा, हा माणूस जीनियस आहे. आमच्या वर्गात बघ. बाईंनी परीक्षा सांगितली की कुणी ऐकत नाही, आणि बाईंच्या टेबलावर उलटा ठेवलेला कागद मात्र पन्नास पोरं उलटा वाचतात!”

दोघं टेबलाशी बसले. काकांनी अट घातली, “खोटं एक अक्षर लिहिणार नाही.” आणि खरंच नाही लिहिलं. तारीख तीच, वेळ तीच, औषध तेच. फक्त ‘प्रिय ग्राहक’ काढून तिथं ‘गोपनीय’ लिहिलं आणि शेवटच्या ‘धन्यवाद’च्या जागी ‘जनतेत वाच्यता करू नये’. ‘कृपया’ खोडताना काकांनी अर्ध्यातच पेन खाली ठेवलं, तेव्हा रेडिओनं ते उचलून रेघ पूर्ण केली. वाच्यता करू नये, हे खोटं नाही का, यावर पुन्हा अर्धा तास वाद झाला. शेवटी लेक म्हणाली, “तू नुसती विनंती करतोयस ना? तुझ्या विनंत्या आजवर कुणी पाळल्यात?” काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता काका ऑफिससमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या ताईंना सगळ्या शहराच्या कुंडल्या माहीत, असा त्यांचा लौकिक होता. काकांनी एक कॉपी काढली, मूळ कागद मशीनच्या झाकणाखाली मुद्दाम विसरले आणि मागं न बघता बाहेर पडले.

“काकाऽऽ!” ताई रस्त्याच्या मध्यापर्यंत धावत आल्या. “कागद विसरलात!”

काका परत गेले. आणखी एक कॉपी काढली, परत विसरले. ताई परत धावत आल्या. “काय हो काका, आज लक्ष कुठंय? मी काही बघितलं नाही हं यात.” बघा! ज्या दिवशी पाहिजे, त्या दिवशी शहर प्रामाणिक निघतं.

तिसऱ्यांदा मात्र काकांनी कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि इकडंतिकडं बघत पुटपुटले, “ताई, एवढा कागद जरा सांभाळून ठेवाल? साहेब शोधतील. पण वाचू नका हं. मेहेरबानी करा, अजिबात वाचू नका.”

ताईंचे डोळे असे चमकले, की मशीनचा दिवा फिका पडला.

साडेदहाला ऑफिसच्या चहावाल्यानं काकांच्या कानात सांगितलं, “तुम्हाला म्हणून सांगतो…” अकराला पूर्ण बाजारपेठेत बादल्या संपल्या. बारापर्यंत बातमीतल्या दीड दिवसाचे पंधरा दिवस झाले. एकला कुणीतरी सांगितलं, की टाकीत काहीतरी पोहत होतं, आणि खातं ते दाबतंय. काका दचकले, हे आपल्या मसुद्यात नव्हतं! पण आता ते कुणाला ‘हे खरं नाही’ असं सांगणार, आणि कोण ऐकणार?

दीडला काकूंचा फोन. काकू रडत होत्या की ओरडत होत्या, ते उजव्या कानाला कळेना. “अहो! उद्या नळाला विष येणार आणि तुम्ही मला बोलला नाहीत? एवढ्या वर्षांचा संसार! खात्यात नवरा असून मला हे झेरॉक्सवाल्या ताईंकडून कळावं?”

“अगं, मंगळवारीच सांगितलं ना! मेसेज—”

“तो भामट्यांचा होता! विषय बदलू नका. येताना पिंप आणा.”

पिंप घेऊन काका जिना चढत होते, तेव्हा मधल्या पायरीवर बँकवाल्या आप्पांनी त्यांना भिंतीशी दाबलं. वर बघितलं, खाली बघितलं. “मसुदे, तुम्ही सज्जन माणूस, म्हणून सांगतो. कुणाला बोलू नका. तुमचं खातं तुमच्यापासून काहीतरी लपवतंय.”

“काय सांगता?” काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“उद्या सकाळी सहा ते परवा बारा. पाणी प्यायचं नाही. पक्की खबर आहे. सही-शिक्का नाही, तोच तर पुरावा! खरी गोष्ट कुणी शिक्का मारून ठेवत नसतं.” आप्पांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. “तुम्हाला कळवत नाहीत हे बघून वाईट वाटतं हो. एवढी वर्षं दिलीत.”

संध्याकाळपर्यंत शहरात रिकामं भांडं उरलं नाही. डॉक्टरांनी पेशंटच्या चुळा भरायचे ग्लाससुद्धा रांगेत भरून ठेवले. लोकांनी एवढं पाणी ओढलं, की मोठी टाकी सात वाजताच कोरडी ठणठणीत झाली आणि धुवायला उतरणाऱ्या माणसांचे उपसण्याचे सहा तास वाचले.

एकच माणूस खवळला होता. “खात्यातून गोपनीय पत्र फुटलंय!” मोठे साहेब टेबलावर हात आपटत म्हणाले. त्यांच्या टेबलाखाली पाण्याच्या चोवीस बाटल्या होत्या. “चौकशी झाली पाहिजे! मसुदे, चौकशीचा मसुदा तुम्ही करा. असा कडक, की ज्यानं हे केलं त्याला घाम फुटला पाहिजे.”

“फुटेल, साहेब,” काका रुमालानं मान पुसत म्हणाले.

शनिवार गेला. रविवारचे बारा वाजले. शहरातलं एक पोट बिघडलं नाही. साहेबांनी फोन करून सांगितलं, की गोदाम तूर्तास राहू दे. शेवटी म्हणाले, “आता लोकांना कळवा, की पाणी चांगलं आहे.”

काकांनी आपल्याच मोबाइलवरून जमेल तेवढ्यांना कळवलं. ‘प्रिय ग्राहक, आता नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे. धन्यवाद.’ पाच मिनिटांत शहरानं एकमुखानं ठरवलं, की म्हणजे आता तर नक्कीच सुरक्षित नाही. आप्पांनी नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, ते बघून काकूंनीही आपल्या नळाला बांधलं. शिवाय काकांचा नंबर ब्लॉक केला, आणि दोघं एकाच सोफ्यावर बसलेले होते.

काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. खालच्या अंगणात लोक पिंपातल्या शिळ्या पाण्याची राखण करत बसले होते. आयुष्यात आपल्या खऱ्या शब्दाला एका घोटाचीही किंमत नाही, असं त्यांना वाटलं.

फोन वाजला.

“साहेब, मी. तो संपर्क साधणारा. आईनं भरलं हो पाणी! तुमचा गोपनीय कागद बाजारातून आला, तेव्हा कुठं भरलं.” मग जरा अदबीनं, “आता चांगलं आहे ना?”

“चांगलं आहे,” काका म्हणाले. “पण तुम्ही तरी कशावरून विश्वास ठेवाल?”

“तुम्ही म्हणताय ना? झालं तर मग.” नळ सोडल्याचा आवाज आला. मग गट, गट, गट. पूर्ण ग्लास, एका दमात. “वा! थोडा औषधाचा वास आहे, पण गार आहे.”

काकांचे डोळे डबडबले. नऊ हजार चारशे घरांत एक माणूस, निव्वळ त्यांच्या शब्दावर, घटाघट पाणी प्याला होता!

“साहेब, आपला एवढा विश्वास जुळला आहे,” आवाज गोड झाला, “तर एक छोटं काम. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. ते जरा सांगा.”

आले होते. सहा आकडे. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांतलं पाणी हळूहळू आटलं. मग त्यांनी घसा खाकरला, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीचा सगळा भारदस्तपणा आवाजात आणून म्हणाले, “विनंतीत ‘कृपया’ नाही. शेवटी ‘धन्यवाद’ नाही. आकडे कशासाठी हवेत, याचं कारण नमूद नाही. आवश्यक त्या दुरुस्तीसह पुन्हा सादर करण्याचे करावे.” आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी मेसेज आला. ‘प्रिय महोदय, आपणास प्राप्त झालेले सहा अंक, आपल्या सोयीनुसार परंतु शक्य तितक्या लवकर, खालील क्रमांकावर कळवण्याचे कृपया करावे, ही नम्र विनंती. धन्यवाद.’

काकांनी एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. एक काना, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ‘कृपया’ तर अशा जागी बसवला होता, की काकांनाही सुचली नसती. आजवर त्यांचा शेरा कुणी इतक्या मनावर घेतला नव्हता. त्यांचा अंगठा नकळत कीबोर्डकडे सरकला, निदान ‘मसुदा मंजूर’ एवढं तरी लिहावं…

“बघू,” म्हणत मागून काकूंचा हात आला. त्यांनी मेसेज वाचला नाही. वाचायची त्यांना कधीच गरज पडली नव्हती.

“थेट ब्लॉक,” काकू म्हणाल्या, आणि फोन काकांच्या हातात परत देऊन नळाचं फडकं घट्ट करायला आत गेल्या.